व्हाळातला दगड उलटून पाहा: प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि जैवविविधता मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

विषय: सिंधुदुर्गातील लहान व्हाळांच्या पाहणीत जलकीटक व इतर अपृष्ठवंशीय प्राण्यांचा समावेश करणे आणि त्यासाठी लागणारे संदर्भ-व्हाळ (तुलनेसाठीचे न बिघडलेले व्हाळ) वेळीच निश्चित करणे.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी दोडामार्ग तालुक्यात राहतो. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो असून आता वडिलोपार्जित काजूची बाग आणि थोडी पोफळी सांभाळतो. म्हणजे ज्या पाण्याविषयी हे पत्र आहे, ते पाणी मी वापरतो आणि माझ्या फवारणीमुळे ते बिघडतही असेल. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचा मजकूर शेतकऱ्यांविरुद्धची तक्रार म्हणून वाचला जाऊ नये. रत्नागिरीकडे ज्याला पऱ्या म्हणतात आणि घाटावर ओढा, त्याला आम्ही व्हाळ म्हणतो. तिलारीसारख्या नद्यांना पाणी पुरवणारे असे असंख्य व्हाळ आमच्या डोंगरातून उतरतात, पण त्यांच्या प्रकृतीची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात मला सापडलेली नाही.

विद्यार्थ्यांना घेऊन मी दरवर्षी डिसेंबरात दोन व्हाळांवर जात असे. दोन्ही एकाच डोंगराचे, चालत तासाभराच्या अंतरावरचे. पहिला दाट झाडोऱ्याखालचा, दुपारीही काळोखा वाटणारा. त्यातला भाकरीएवढा दगड हळूच उचलून उलटा केला की आधी काही दिसत नाही. दहा-पंधरा सेकंद थांबले की दगडच चालू लागल्यासारखा वाटतो. शेपटीला तीन लांब केस असलेली, कागदासारखी चपटी मेफ्लायची पिल्ले आडवी सरकत कडेच्या सावलीला जातात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले हलत असतात. एखाद्या खाचेत स्टोनफ्लायचे पिल्लू असते. त्याच्या शेपटीला दोनच केस असतात, ते अंगाने मोठे असते आणि दुसऱ्या किड्यांना खाते. वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेल्या नळीत बसलेली कॅडिसफ्लायची अळी दिसते. दगडाला टिकलीसारखे चिकटलेले तपकिरी गोल काही नखाने उचकटून पालथे केले की सहा पाय दिसतात. ती एका भुंगेऱ्याची अळी असते. या प्राण्यांना मराठीत रूढ नावे नाहीत आणि ते स्वाभाविकच आहे. आपण नावे ठेवतो ती खाण्याच्या किंवा चावण्याच्या गोष्टींना, म्हणून कुर्ली, जळू, शिंपी यांना नावे आहेत आणि बाकीचे सगळे किडे.

दुसरा व्हाळ मोकळ्या उतारावरचा. वरच्या अंगाला जंगल तोडून, जेसीबीने आडवे टप्पे काढून रबर लावलेला आणि रबराच्या ओळींत अननस. पाणी तितकेच नितळ. बाटलीत भरून दोन्ही शेजारी ठेवली तर मलाही ओळखता येणार नाहीत. पण इथला दगड उचलताना खालून तांबडा धुरळा उठतो. दगडाचा वरचा भाग हिरव्या शेवाळाने बुळबुळीत असतो आणि खाली चिखलाच्या बारीक नळ्या असतात. त्यांतून लालभडक अळ्या वळवळत बाहेर येतात. त्या कायरोनोमिडच्या, न चावणाऱ्या डासासारख्या माशीच्या अळ्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात. मेफ्लाय इथेही असतात, पण वेगळ्या घराण्यांच्या, म्हणजे शास्त्रीय भाषेत वेगळ्या कुळांच्या. त्यांतल्या एकीच्या पाठीवर कल्ले झाकणारी झडपच असते, त्यामुळे गाळाने तिचा श्वास कोंडत नाही. टिकल्या नाहीत, स्टोनफ्लाय नाहीत. एकूण प्राणी मात्र कमी नाहीत, उलट पुष्कळदा जास्तच भरतात. विद्यार्थी पहिल्या वर्षी इथेच फसत आणि ‘सर, या व्हाळात जास्त जीव आहेत,’ असे वहीत लिहीत.

आता प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीकडे येतो. राष्ट्रीय जलगुणवत्ता कार्यक्रमाखाली आपण नद्यांचे नमुने नियमितपणे घेता आणि त्यांवरून पाणी गुणवत्ता निर्देशांक काढता. तो विरघळलेला प्राणवायू, बीओडी (पाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), सामू (पीएच) आणि मलजन्य जिवाणू या चार गोष्टींवर उभा आहे. गटाराचे पाणी आणि कारखान्याचे सांडपाणी पकडायला तो योग्य आहे, कारण ते रोज वाहते. शेतीचे प्रदूषण रोज वाहत नाही. काजूला पालवी फुटताना, मोहोर येताना आणि बी धरताना ढेकण्या या किडीसाठी फवारणी होते, आंब्याला तुडतुड्यासाठी. जो पंप मोहोरावर चालतो तो त्याच दिवशी कोंडीच्या, म्हणजे व्हाळातल्या डोहाच्या, काठावर धुतला जातो. माझ्याही बागेत अनेक वर्षे तो तिथेच धुतला जात होता. औषध बरेचसे दोन-चार तासांत खाली निघून जाते आणि महिन्यातून एकदा भरलेल्या बाटलीत ते सापडण्याची शक्यता जवळपास नसते. सापडले तरी या चार आकड्यांत ते उमटणार नाही. आंब्याच्या फवारणी वेळापत्रकातले इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घ्या. नेदरलँड्समधील प्रयोगांत ते लिटरमागे एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी मात्रेत, सुमारे महिनाभर संपर्क राहिल्यास, मेफ्लायच्या पिल्लांना मारक ठरलेले दिसले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा औषधाने पाण्याचा सामू हलत नाही, बीओडी वाढत नाही आणि प्राणवायूही घटत नाही. निर्देशांक ‘उत्तम’ दाखवत राहतो आणि दगडाखाली नाजूक प्राणी उरलेले नसतील.

किडा मात्र सहसा तिथून फार दूर जात नाही. फवारणीच्या दिवशी तो त्या पाण्यात होता, पहिल्या पावसात टप्प्यांवरची माती वाहून आली तेव्हा होता आणि खत धुऊन आले तेव्हाही होता. तो तिथे जिवंत सापडला, तर मागचे काही आठवडे पाणी त्याला सोसले असा अर्थ निघतो. ‘काही आठवडे’ हे शब्द मी जाणून वापरले आहेत. थंड देशांतल्या पुस्तकांत हे कीटक वर्षभराची साक्ष देतात असे लिहिलेले असते. आमच्या उबदार पाण्यात लहान मेफ्लाय काही आठवड्यांतच वाढून उडून जातात, त्यामुळे त्यांची आठवण आखूड असते. स्टोनफ्लाय आणि चतुर यांची पिल्ले महिनोन् महिने पाण्यात राहतात. कुर्ल्या आणि शिंपल्या कित्येक वर्षे जगतात. म्हणून पाहणीत सगळेच हवेत, केवळ किडे मोजून भागणार नाही. शिवाय उष्ण प्रदेशातल्या अनेक ओढ्यांत पडलेला पाला कुरतडण्याचे बरेचसे काम कुर्ल्या आणि झिंगेच करतात. पहिल्या पावसात चूड पेटवून कुर्ल्यांना जाणारा माणूस एखाद्या व्हाळाकडे फिरकेनासा झाला, तर तीही एक नोंदच आहे, फक्त ती कोणी लिहून घेत नाही.

शेतीमुळे व्हाळात नेमके काय होते, हे एकाच शब्दात ‘प्रदूषण’ म्हणून सांगितले की उपाय सुचत नाही. सर्वांत मोठी गोष्ट औषध नसून माती आहे, असे माझे मत आहे. जांभ्यावरची तांबडी माती उघडी पडली की मृगाच्या पहिल्या सरींत ती व्हाळात उतरते. दगडांच्या मधल्या ज्या फटींत हे प्राणी राहतात त्या बुजून जातात. माणसाच्या दृष्टीने सांगायचे तर घरावर विष टाकलेले नसते, घरच गाडून टाकलेले असते. दुसरी गोष्ट सावलीची. काठची झाडे गेली की पाणी तापते, ऊन थेट दगडावर येते, खताची साथ मिळून शेवाळ माजते आणि पानांवर जगणाऱ्यांच्या जागी शेवाळ खाणारे येतात. रबराचे झाडही सावली देते, असे म्हणता येईल. पण ते जानेवारी-फेब्रुवारीत सगळी पाने एकदम गाळते आणि नेमक्या त्याच वेळी पाणी कमी असते. मिश्र जंगलात कोणते ना कोणते झाड बारा महिने पान टाकत असते, खालच्या प्राण्यांची शिधाव्यवस्था त्यावर चालते. अननसात तणासाठी वापरले जाणारे डाययुरॉन वनस्पतींची प्रकाशसंश्लेषणाची क्रिया बंद पाडते. ते व्हाळात गेले तर आधी दगडावरचे शेवाळ मरते आणि नंतर त्यावर चरणारे उपाशी राहतात. रबराचा चीक गोठवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मिक आम्लाचे पाणी आणि रबराचे ताव धुतलेले पाणी ही आणखी वेगळी बाब. ते मात्र आपल्या बीओडीत पकडता येईल, जर कोणी त्या व्हाळावर बाटली घेऊन गेले तर.

काजूच्या फवारणीतली सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे पाण्यात फार काळ मोकळी राहत नाहीत, गाळाच्या कणांना चिकटतात. गाळात राहणाऱ्या आणि गाळ खाणाऱ्या प्राण्यांच्या ती थेट तोंडी जातात. म्हणजे माती अडवली तर औषधही बरेचसे अडते. काठाला पंधरा-वीस पावले जंगली पट्टा राखण्याचा आग्रह मी गावात धरतो, तो यासाठी.

कीटक एक गोष्ट सांगत नाहीत: दोषी कोण. उन्हाळ्यात कोंडीत ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारणारे महाभाग आमच्याकडेही आहेत. त्यानंतर तो व्हाळ जसा दिसतो, तसाच फवारणीचा पंप सांडल्यावरही दिसतो. एप्रिल-मे मध्ये प्रवाह तुटून नुसते डोह उरतात, तेव्हा शुद्ध जंगलातही लाल अळ्या वाढतात आणि नाजूक प्राणी दिसेनासे होतात, ते नैसर्गिक आहे. पावसाळ्यात तर सगळा तळच हलतो. त्यामुळे आमच्याकडे पाहणीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच धरावा लागेल, आणि दगडाखाली बिघाड दिसला की कारण शोधायला बाटली, गाळाचा नमुना आणि गावातल्या माणसांशी बोलणे हे सारे लागेल. ताप आहे हे कपाळाला हात लावून कळते. कशाचा ते कळण्यासाठी रक्त तपासावे लागते. कपाळाला हातच लावू नये असे मात्र कोणी म्हणत नाही.

आता मोजपट्टीविषयी, कारण माझी खरी काळजी तिच्याविषयी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जैविक निकष आहेत. प्राण्यांच्या घराण्यांना १ ते १० गुण देऊन आणि त्यांची विविधता मोजून पाण्याचे निळ्यापासून लाल रंगापर्यंत पाच वर्ग पाडण्याची ती पद्धत आहे. तिचे मूळ १९७० च्या दशकातल्या ब्रिटिश पद्धतीत आहे. तिच्यात स्टोनफ्लायच्या बहुतेक घराण्यांना १०, लाल अळीला २, गांडुळाच्या जातीच्या किड्यांना १ असे गुण आहेत. पद्धत चांगली आहे, पण ती जशीच्या तशी सह्याद्रीत लावली तर चुकेल. स्टोनफ्लाय हे थंड पाण्याचे प्राणी. हिमालयात त्यांची अनेक घराणी आहेत, आमच्याकडे प्रामुख्याने एकच. म्हणजे अत्यंत निर्मळ व्हाळालाही आम्ही परीक्षेत काही गुण कमी घेऊनच बसवणार. उलट ब्रिटनमध्ये नसलेली आमची टिकली-अळी आणि आमच्या कुर्ल्या यांना त्या यादीत काय किंमत द्यायची, हे इथल्या पाण्यात पाहूनच ठरवावे लागेल.

असा बदल आपल्याला नवा नाही. बीओडीची मूळ चाचणी २० अंश सेल्सिअसला ५ दिवसांची आहे. भारतीय मानकाने ती आपल्या हवामानाला साजेशी २७ अंशांना ३ दिवसांची करून घेतली आणि आपली प्रयोगशाळा रोज तीच करते. जिवाणूंसाठी जे सौजन्य दाखवले ते किड्यांसाठीही दाखवावे, एवढीच विनंती आहे. कोस्टारिकाने, जिथे केळी आणि अननसाचे मळे नद्यांच्या काठाशी भिडलेले आहेत, हीच ब्रिटिश गुणपद्धत आपल्या प्राण्यांनुसार बदलून २००७ मध्ये पृष्ठभागावरील पाण्याच्या नियमावलीत घातली. दक्षिण आफ्रिकेने स्वतःची गुणपद्धत केली आणि तिची शाळकरी मुलांना वापरता येईल अशी छोटी आवृत्तीही काढली.

आपल्याकडेही पायाभूत काम झालेले आहे. के. जी. शिवरामकृष्णन यांनी दक्षिण भारतातल्या मेफ्लायच्या अभ्यासाला आयुष्य दिले. के. ए. सुब्रमण्यन, शिवरामकृष्णन आणि माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात काठच्या जमीनवापराचा ओढ्यांतल्या कीटकांवर काय परिणाम होतो हे तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध केले. तो निष्कर्ष मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत असे, कारण तो सोयीचा नाही. निमसदाहरित जंगलातल्या ओढ्यांत प्रकारांची विविधता सर्वाधिक आणि खुरट्या झुडपांच्या व लोहखनिजाच्या खाणीच्या भागात सर्वांत कमी निघाली, इथपर्यंत अपेक्षेप्रमाणेच. परंतु वस्ती आणि पोफळीच्या बागांमधल्या ओढ्यांत ती सदाहरित जंगलातल्या ओढ्यांपेक्षाही जास्त भरली. आणि नैसर्गिक गवताळ भागातल्या ओढ्यांतले प्राणी भातखाचरांजवळच्या प्राण्यांसारखे निघाले. थोडा उजेड आणि थोडे खत आले की अन्न वाढते आणि काही काळ प्रकारही वाढू शकतात, असा त्याचा अर्थ मी लावतो. आमच्याकडच्या जुन्या पोफळीच्या बागांतला, पाटाचे पाणी खेळवलेला, वर आंबा-फणस राखलेला व्हाळ आणि जेसीबीने सोललेल्या उतारावरचा व्हाळ यांना ‘शेती’ या एकाच खात्यात टाकता येत नाही. आणि सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) गवतातल्या व्हाळाला जंगलातल्या व्हाळाच्या मापाने मोजून नापासही करता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या व्हाळासाठी त्याच्याच जातीचा, न बिघडलेला एक संदर्भ-व्हाळ समोर असावा लागतो.

तेच संदर्भ-व्हाळ वेगाने चालले आहेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली जंगलतोड न्यायालयापर्यंत गेली. वृक्षतोडीवर बंदी आली आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातल्या वन्यजीव मार्गातली गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करण्यासंबंधी निर्देश दिले. तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र २०२० मध्ये जाहीर झाले. हेवाळे-बांबर्डे इथली मायरिस्टिका दलदल (रानजायफळाच्या झाडांचे पाणथळ रान) आणि आंबोलीतला हिरण्यकेशीचा उगम ही जैवविविधता वारसा स्थळे झाली. हिरण्यकेशीचा मान तिथल्या एका छोट्याशा माशाला मिळाला आणि त्याचा आनंदच आहे. पण या कुठल्याही ठिकाणच्या पाण्यात दगडाखाली आज कोण राहते, याची सरकारी यादी माझ्या पाहण्यात नाही. पुढच्या दहा वर्षांत उरलेसुरले उतार रबराखाली गेले, तर तुलना कशाशी करणार? मग बिघडलेल्यातला कमी बिघडलेला व्हाळ घेऊन त्यालाच ‘स्वच्छ’ म्हणावे लागेल आणि पुढच्या पिढीतला अधिकारी ते प्रामाणिकपणे म्हणेल.

म्हणून मागणी अशी. हेवाळे-बांबर्डे, तिलारीचे राखीव क्षेत्र आणि आंबोली परिसरात जंगलाचे, सड्यावरचे आणि जुन्या पोफळीच्या बागेतले असे वेगवेगळ्या जातीचे संदर्भ-व्हाळ या हिवाळ्यातच निश्चित करावेत. त्यांच्यातल्या प्राण्यांची घराण्यांपर्यंत ओळख पटवून यादी करावी. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, ओळख पटवण्याला त्यांची मदत घेता येईल. या संदर्भ-व्हाळांशी तुलना करून केंद्रीय मंडळाच्या गुणतक्त्याची सह्याद्रीसाठी दुरुस्ती करावी आणि मगच तो बागायती व्हाळांना लावावा. खर्चाची बाजू सांगायची तर एक जाळे, पांढरा ट्रे, भिंग, चिमटा आणि नमुने ठेवायला मद्यार्क एवढे साहित्य पुरते. महाग आहे ते शिकलेले माणूस, आणि ते गावातच तयार करता येते. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अनेक नोंदवह्यांत औषधी वनस्पतींची पाने भरभरून असतात आणि पाण्याला अर्धे पान मिळते. त्या अर्ध्या पानाचे दोन पानी कोष्टक जैवविविधता मंडळाने नागपूरहून तयार करून पाठवले, तर शाळेतल्या नववीच्या मुली ते भरू शकतील. माझ्या विद्यार्थिनी अवघ्या तीन फेऱ्यांत टिकली-अळी ओळखायला शिकल्या होत्या आणि त्यांतली एक पहिल्या फेरीला पाण्यात पाय घालायलाही तयार नव्हती.

एक अट मात्र स्पष्ट शब्दांत मागतो. ही नोंद शेतकऱ्याला नोटीस काढण्यासाठी वापरली जाऊ नये. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातली संमतीपत्रे असतात ती मुख्यतः कारखान्यांसारख्या उद्योगांसाठी. एकरभर काजूवाल्याला त्या संमतीपत्रांत जागा नाही आणि ओढूनताणून जागा करू गेलात तर पुढच्या वेळी गावात कोणी व्हाळ दाखवणार नाही. नोंद कृषी खात्याच्या सहायकाकडे जावी. पंप कुठे धुवायचा, फवारणी कोणत्या दिवशी टाळायची, टप्प्यांच्या कडेला काय लावायचे हे त्याने त्यावरून सांगावे आणि पुढच्या डिसेंबरात त्याच दगडाखाली फरक पडला का, ते शेतकऱ्यालाच दाखवावे. माझ्या बागेखालच्या कोंडीत मी पंप धुणे बंद करून आता काही वर्षे झाली. खाली सिमेंटची एक छोटी टाकी केली आहे. स्टोनफ्लाय अजून आलेले नाहीत. चपट्या मेफ्लाय मागच्या हिवाळ्यात आल्या. कशामुळे आल्या हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण वरच्या बागेवाल्यानेही त्याच सुमारास फवारणी कमी केली होती, आणि तुलनेला दुसरा व्हाळ मी ठेवला नव्हता. अशी तुलना एकट्याच्या हातून होत नाही, म्हणून तर हे पत्र.

दोन्ही मंडळांपैकी कोणी अधिकारी या डिसेंबरात येणार असतील, तर दोन्ही व्हाळ दाखवायला मी येईन. जाळे आणि ट्रे माझ्याकडे आहेत. सकाळी लवकर निघावे लागेल आणि जुने, पकड असलेले बूट आणावेत. दुसऱ्या व्हाळातले दगड फार निसरडे झाले आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक आणि काजू बागायतदार
तालुका दोडामार्ग, जिल्हा सिंधुदुर्ग